भरलेली गव्हाण, उपाशी गाय

गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाला जाऊन उभे राहिले, की दोन प्रश्न सतत कानावर पडतात. "फॅट किती लागली?" आणि "एसएनएफ बसला का?" कॅन काट्यावर चढतो, चमचाभर नमुना यंत्रात जातो, छापील पावती बाहेर येते आणि त्या पावतीवर घरातल्या दिवसाचा रंग ठरतो. गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट वगळून उरणारे घन पदार्थ) गृहीत धरून जाहीर होतो. दूध त्याखाली उतरले की पॉइंटागणिक पैसे कापले जातात. वर गेले तर मिळणारी वाढ मात्र तेवढ्या उदार हाताची नसते.

दराबद्दलचा शेतकऱ्याचा राग रास्त आहे. जुलै 2023 मध्ये राज्य सरकारने या प्रतीच्या दुधाला लिटरमागे किमान 34 रुपये दर ठरवून दिला. पुढच्या काही महिन्यांतच प्रत्यक्षातला दर त्याच्या बराच खाली आला आणि 2024 च्या सुरुवातीला लिटरमागे 5 रुपयांचे अनुदान जाहीर करण्याची वेळ आली. दूध पावडरीचा जागतिक बाजार, खासगी डेअऱ्यांची खरेदी, सरकारचा निर्णय, यांतले काहीच त्याच्या गोठ्यातून हलत नाही.

पण त्या पावतीचा एक भाग आदल्या दिवशी गव्हाणीत लिहिला गेलेला असतो. दूध किती निघेल, त्यात फॅट किती उतरेल, गाय वेळेवर माजावर येईल की पुन्हा उलटेल, हे बऱ्याच अंशी गायीने काय खाल्ले यावर ठरते. शिवाय दूध उत्पादनाच्या एकूण खर्चातला साधारण 60 ते 70 टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो. म्हणजे गव्हाण जमली तर उत्पन्न वाढते आणि खर्चही आवाक्यात राहतो. दोन-चार जनावरांवर घर चालवणाऱ्या कुटुंबाच्या हातात याहून मोठी किल्ली नाही. ती किल्ली आपण त्यांच्या हाती नीट दिलेलीच नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

"पोटभर म्हणजे किती?"

संगमनेर तालुक्यातले एक गाव. अडीच एकर जमीन, चार संकरित गाई, दोन कालवडी. गोठा सांभाळणाऱ्या काकूंनी बसायच्या आधीच बजावले, "नाव छापू नको, बाळा. जे खरं हाये ते लिही." सोबत पशुआहाराचे प्रशिक्षण घेतलेला जवळच्या गावातला एक तरुण होता. त्याच्या पिशवीत तीन वस्तू होत्या. मोजपट्टी, ताणकाटा आणि वही.

"काकू, हिला रोज किती टाकता?"

"पोटभर."

"पोटभर म्हणजे किती?"

"आता ते कोण मोजतंय? सकाळ-संध्याकाळ पाटीभर पेंड, वाढ्याच्या दोन मोळ्या, रातच्याला कडबा. उपाशी नाही ठेवत मी."

तरुणाने पाटी ताणकाट्याला अडकवली. सरकी पेंडीची पाटी दोन किलो भरली. त्याच पाटीत गव्हाचा भुसा भरून दाखवला, तर काटा सव्वा किलोच्या पुढे जाईना. काकू काट्याकडे बघत राहिल्या. पेंड संपली की त्या पाटीभर भुसा घालत आणि दोन्ही दिवशी गाईला सारखेच दिले असे समजत. मग वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, मोळी काट्यावर आली, साडेबारा किलो. कडबा भरला तीन किलो.

पुढे गाईची पाळी. पुढच्या पायांमागून छातीचा घेर 68 इंच, खांद्यापासून माकडहाडापर्यंत लांबी 58 इंच. घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले 660. वजन निघाले चारशे किलोच्या थोडे वर. दोन्ही वेळचे मिळून दूध 15 लिटर. शेजारची गाय आठ लिटरवर होती, तिसरी आटत आलेली, चौथी भाकड, विण्याला दीड महिना राहिलेला. चौघींना पेंड तेवढीच, वाढे तेवढेच.

"सगळ्यांना सारखंच द्यावं," काकू म्हणाल्या, "मुक्या जनावरात दुजाभाव नको."

या वाक्यात जी माया आहे, तिच्यावर आपल्याकडचे दूध उभे आहे. पण गाईची गरज तिच्या वजनावर, दुधावर, वेतावर आणि पोटातल्या वासरावर ठरते. सारखी वाटणी झाली की पंधरा लिटरवाली अंगातली चरबी जाळून दूध देते आणि खंगते. आठ लिटरवाली जादा पेंड अंगावर घेते आणि फुगते. भाकड गाईच्या वाट्याला नको तेव्हा नको ते जाते आणि विण्याच्या तोंडावर दुखणे उभे राहते. मायेला मापाची जोड लागते.

पोटातले जग

गाईला खाऊ घालणे म्हणजे आधी तिच्या पोटातल्या जिवाणूंना खाऊ घालणे. तिच्या चार कप्प्यांच्या पोटातला पहिला आणि सगळ्यांत मोठा कप्पा रुमेन, म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. हा कप्पा अखंड आंबणाऱ्या रांजणासारखा असतो. त्यात असंख्य जिवाणू, आदिजीव आणि बुरशा राहतात. माणसाला न पचणारे कडब्यातले तंतू ते फोडतात, त्यातून आम्ले तयार होतात आणि गाय मुख्यतः त्याच आम्लांवर जगते. चांगल्या तंतूंपासून जे अ‍ॅसेटिक आम्ल बनते, त्यातून दुधातली फॅट येते. पिठूळ धान्यातून बनणारे प्रोपिऑनिक आम्ल यकृतात साखर बनते आणि त्या साखरेवर दुधाचे प्रमाण ठरते. पुढे हेच जिवाणू वाहत जाऊन पचतात आणि गाईला प्रथिने पुरवतात.

म्हणून एकच वैरण कितीही चांगली असली तरी पुरत नाही. नुसत्या कडब्यावर जिवाणूंना नत्र मिळत नाही, पचन मंदावते, पोट भरलेले असून गाय उपाशी राहते. नुसत्या पेंडीवर आणि भरड्यावर रवंथ कमी होते. रवंथ कमी म्हणजे लाळ कमी. गाय दिवसाला शंभर लिटरच्या घरात लाळ गिळते आणि तिच्यातल्या सोड्याने पोटातले आम्ल काबूत राहते. लाळ घटली की आम्ल वाढते. पोळ्याला बैलासमोर पुरणपोळीचे ताट येते किंवा लग्नातला उरलेला भात गाईपुढे ओतला जातो, तेव्हा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना धावपळ करावी लागते, ती याचसाठी. कोटीपोटाचा सामू साडेपाचच्या खाली गेला की तंतू पचवणारे जिवाणू मरू लागतात. जनावर खाणे सोडते, पातळ शेण टाकते, लंगडते आणि प्रकार तीव्र असला तर दगावतेही.

आहार बसला आहे की नाही, हे पाहायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. त्या गोठ्यात तरुणाने मूठभर शेण चाळणीत घेतले आणि नळाखाली धुतले. हिरवट पाणी वाहून गेले, चाळणीत तळाशी सरकीची टरफले आणि बोटाच्या पेराएवढे तंतू उरले. "हे बघा काकू, विकत घेतलेलं इथं उकिरड्यावर चाललंय," तो म्हणाला. कडबा कुट्टी करून द्यायचा, हे काकूंना पूर्वीही कुणी सांगितले असेल. चाळणीतल्या तंतूंनी ते पटवले. दुसरी खूण रवंथाची. निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात आणि एका घासाला पन्नास-साठ वेळा जबडा हलायला हवा. तेवढे मोजायला लेखणीसुद्धा लागत नाही.

वहीतला हिशोब

चारशे किलोची, 15 लिटर दूध देणारी गाय. तिला दिवसाला सुमारे 13 किलो शुष्क पदार्थ हवा, म्हणजे पाणी वजा जाता उरणारे खाद्य. प्रथिने साधारण 1,650 ग्रॅम. ऊर्जा ज्या मापात मोजतात ते एकूण पचनीय घटक सुमारे 7.9 किलो. कॅल्शियम 60 ग्रॅमच्या आसपास. ही गरज जगभरच्या प्रयोगांतून ठरलेली आहे आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 2013 मध्ये आपल्या गाई-म्हशींसाठी स्वतंत्र कोष्टकेही प्रसिद्ध केली आहेत.

आता काकूंची गव्हाण बघू. 25 किलो वाढे, 3 किलो कडबा, 4 किलो सरकी पेंड. वाढ्यात पाणी बरेच, त्यातून शुष्क पदार्थ मिळतो सात किलोच्या आसपास आणि प्रथिने जेमतेम 350 ग्रॅम. कडब्यातून शंभरेक ग्रॅम. पेंडीतून 880. बेरीज 1,340 ग्रॅमच्या आत-बाहेर. पोट भरले, शुष्क पदार्थ तेरा किलो झाला, पण प्रथिने 300 ग्रॅम कमी, ऊर्जा अर्धा किलो कमी. घरातले सगळ्यांत महाग खाद्य भरपूर घालूनही तूट आहेच.

तरुणाने घरचे आणि शेजारी मिळणारे सामान वेगळे मांडले. वाढे 10 किलो. बांधालगत असलेला लसूणघास 10 किलो. शेजारच्याकडे विकत मिळणारा मक्याचा मुरघास 8 किलो. कडब्याची कुट्टी 2 किलो. सरकी पेंड 3 किलो, मक्याचा भरडा दीड किलो, क्षार मिश्रण आणि मीठ. शुष्क पदार्थ तेवढाच, 13 किलो. प्रथिने 1,600 ग्रॅमच्या घरात, पचनीय घटक आठ किलोला टेकलेले. पेंड एक किलोने कमी झाली आणि तिच्या जागी बहुतेक हंगामांत तिच्याहून स्वस्त पडणारा मका आला. दहा किलो लसूणघासातून एकट्याने 400 ग्रॅम प्रथिने आणि पंचवीसेक ग्रॅम कॅल्शियम मिळाले.

हे आकडे दर गोठ्यात आणि दर हंगामात बदलतील. फुलोऱ्यावर आलेला घास, भिजलेला कडबा, भेसळीची पेंड, प्रत्येकाचे मोल वेगळे. पण पद्धत तीच राहते. गाय मोजा, दूध मोजा, खाद्य मोजा आणि कमीत कमी पैशात तूट भरून काढा. आठ लिटरवालीसाठी त्याने वहीचे दुसरे पान काढले. साधा ठोकताळाही सांगितला. शरीर पोसायला एक-दीड किलो पशुखाद्य, त्यावर गाईला लिटरमागे 400 ग्रॅम, म्हशीला तिच्या दाट दुधामुळे 500 ग्रॅम.

पाण्याचा विषय त्याने शेवटी काढला, पण जोर त्यावरच दिला. दुधात 87 टक्के पाणी असते. दिवसातून दोनदा बादली दाखवली की गाय तेवढेच पिते आणि दूध तेवढ्यावर अडते. पाणी चोवीस तास पुढ्यात राहिले, की काही न वाढवता दूध सुधारते. मुक्त संचार गोठ्यांचा जो गवगवा आहे, त्यातले निम्मे श्रेय मनाला येईल तेव्हा पाणी पिण्याच्या सोयीला द्यायला हवे.

चुकीची किंमत

असंतुलित आहाराची शिक्षा त्याच दिवशी मिळत नाही, म्हणून ती कळत नाही. गाय ती आपल्या हाडांतून आणि चरबीतून महिनोन्‌महिने फेडत राहते.

कॅल्शियमचे घ्या. दुधाच्या प्रत्येक लिटरमधून सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम बाहेर जाते, चिकातून तर दुपटीने. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या हंगामात वाढे हीच मुख्य वैरण. तोडीवर आलेल्या मजुरांकडून मोळ्या घ्यायच्या आणि गव्हाण भरायची. वाढ्यात ऑक्झलेट असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर काढते. सरकी पेंडीत स्फुरद भरपूर, कॅल्शियम नाममात्र. दोन्ही मिळून महिनाभर खाल्ले की हाडांतला साठा उपसला जातो. मग व्यायल्यावर एक-दोन दिवसांत दुभती गाय मान पोटाकडे वळवून बसते, कान गार पडतात, उठता येत नाही. हा दुधाचा ताप. नावात ताप असला तरी अंग थंड असते. वेळेत शिरेतून कॅल्शियम मिळाले तर गाय तासाभरात उभी राहते, नाही मिळाले तर दगावते.

या भीतीवर बाटल्यांचा बाजार उभा आहे. दुकानात गेलेल्या शेतकऱ्याला कॅल्शियमची बाटली, टॉनिकचा डबा, पाचक पावडर हातात मिळते. आपल्या गव्हाणीत नेमके काय कमी आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. रोज 50 ते 100 ग्रॅम चांगले क्षार मिश्रण, वर्षभर, दुभत्या आणि गाभण जनावरांना, हे काम बाटलीपेक्षा स्वस्तात आणि आधीच झालेले असते. जनावर माती चाटते, चिंध्या चघळते, भिंतीला तोंड लावते, तेव्हा बहुधा ते स्फुरदाची कमतरता सांगत असते.

याहून मोठे नुकसान रिकाम्या दिवसांचे. वेतानंतर दूध झपाट्याने वाढते, भूक मात्र मागे राहते. ही दरी ऊर्जेने भरली नाही, तर गाय चरबी वितळवते, कितनबाधा होते, श्वासाला गोडसर वास येतो आणि माज पुढे ढकलला जातो. भरवली तर उलटते. दोन-तीन वेळा उलटलेल्या गाईमागे इंजेक्शने, औषधे, पुन्हा रेतन असा खर्च होतो आणि शेवटी ती भाकड म्हणून बाजारात जाते. अनेकदा दोष रेतनात किंवा गाईत नसतो, विण्याच्या आधीच्या तीन आणि नंतरच्या दहा आठवड्यांतल्या आहारात असतो.

आणि कालवडी. गोठ्यात सगळ्यांत कोपऱ्यात, उरलासुरला चारा खात उभ्या असतात. आज त्या दूध देत नाहीत, म्हणून त्यांच्यावर खर्च करवत नाही. नीट वाढवलेली संकरित कालवड अडीच वर्षांच्या आत विते. उपासमारीत वाढलेली साडेतीन-चार वर्षे घेते. मधले वर्ष-दीड वर्ष तिला फुकट पोसावे लागते आणि पुढच्या साऱ्या वेतांचे दूध त्या खुरट्या वाढीवर ठरते. जन्मल्यानंतर पहिल्या तास-दोन तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक मिळालेली कालवड आणि चिकाची खरवस होऊन गेलेल्या गोठ्यातली कालवड, यांतला फरक जन्मभर पुसत नाही.

गाय बदलली, गव्हाण तीच राहिली

हे असे का झाले, याचे उत्तर आपल्या दूधक्रांतीच्या वाटचालीत आहे. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये बाएफ उभी केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार केली. 1970 पासून दूध महापूर योजनेने गोळा करण्याचे जाळे विणले. कोल्हापूर, संगमनेर, वारणा, बारामती या पट्ट्यांत दूध हा घरखर्चाचा आधार झाला. आज देशाच्या दुधात महाराष्ट्राचा वाटा सुमारे पावणेसात टक्के आहे आणि राज्य पाचव्या क्रमांकावर आहे.

या साखळीत गाईचे रक्त बदलले. दिवसाला दोन-तीन लिटर देणाऱ्या गावठी गाईच्या जागी पंधरा-वीस लिटरची क्षमता असलेली गाय खुंट्याला आली. रेतनाचे पथक दारात आले, लस आली, दुधाचा टेम्पो आला. गव्हाणीचे ज्ञान मात्र आले नाही. जुनी गाय रानात फिरून दहा प्रकारचा पाला-गवत खात असे. तिचा आहार ती स्वतः जुळवत होती. नवी गाय दावणीला बांधली गेली, तिच्या पुढ्यात येईल तेच तिला खावे लागले. चराऊ रान आटले, ज्वारीचे पीक घटले तसा कडबा दुर्मीळ झाला, ऊस वाढला. जनावराची गरज अनेक पटींनी वाढली आणि वैरणीचे प्रकार दहावरून दोनवर आले. पोषणाची पोकळी पोत्याने भरून निघेल, असे सगळ्यांना वाटले.

पोते हाही उपाय आहे, पण त्यावरचा मजकूर वाचला पाहिजे. भारतीय मानकानुसार गाई-म्हशींच्या मिश्र खाद्याच्या पहिल्या प्रकारात किमान 22 टक्के आणि दुसऱ्यात किमान 20 टक्के प्रथिने असावी लागतात. गावात विकली जाणारी सगळी पोती या कसोटीला उतरतात का, हे तपासण्याचे साधन छोट्या शेतकऱ्याकडे नाही. बुरशी लागलेली पेंड तर थेट दुधात उतरते. तिच्यातले अफ्लाटॉक्सिन गाईच्या यकृतातून रूप बदलून दुधात येते आणि त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम एवढी सूक्ष्म आहे. पावसाळ्यात दमट कोपऱ्यात रचलेली पोती हा म्हणूनच प्यायला दूध घेणाऱ्या शहराचाही प्रश्न आहे.

एकच तक्ता सगळ्या महाराष्ट्राला लागू पडत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. कोकणात पेंढा हीच वैरण. त्यात सिलिका जास्त, प्रथिने तीन-चार टक्के, तिथे प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही बाहेरून भरावे लागतात. विदर्भात सोयाबीन-तुरीचे कुटार आणि सरकीची ढेप आहे, तिथे हिरव्या चाऱ्याची आणि ऊर्जेची वानवा. सोलापूर-सांगलीच्या कोरड्या पट्ट्यातली पंढरपुरी म्हैस थोडक्यात भागवते आणि नियमित विते. तिला होल्स्टीनचा आहार चारणे म्हणजे पैसा ओतणे. क्षार मिश्रणही म्हणूनच त्या-त्या भागातल्या माती-चाऱ्याच्या कमतरतेनुसार बनवावे लागते.

चार गुंठ्यांचा घास

"जमीनच कुठे आहे चाऱ्याला?" हा प्रश्न दर गावात येतो. तो टाळून पुढे जाता येणार नाही. पण उत्तरही गुंठ्यांतच आहे. राहुरीचा आरएल 88 लसूणघास नीट सांभाळला तर वर्षाला हेक्टरी शंभर टनांच्या घरात हिरवा चारा देतो, म्हणजे गुंठ्याला टनभर. एका गाईला रोज दहा किलो द्यायचा तर वर्षाला साडेतीन टनांहून थोडे जास्त लागते, चार गुंठे पुरतात. पेरणीचे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबर. पहिली कापणी पन्नास-साठ दिवसांनी, पुढे महिन्याच्या आतबाहेर एकेक. बांधावर फुले जयवंतसारखे संकरित नेपिअर, शेवरी आणि हात राखून सुबाभूळ. सुबाभळीत मायमोसीन हे विषारी द्रव्य असल्याने ती चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापुढे नेऊ नये.

मुरघासाने मात्र खरा बदल घडवला आहे. मका चिकात असताना तोडायचा, दीड-दोन सेंटिमीटरची कुट्टी करायची, पिशवीत किंवा खड्ड्यात दाबून हवा काढायची, तोंड बंद करायचे. पंचेचाळीस दिवसांत आंबटगोड वासाचा चारा तयार होतो आणि हवा शिरू दिली नाही तर पुढे वर्षभर टिकतो. ज्याच्याकडे जमीन नाही तो पिशवी विकत घेऊ शकतो. उन्हाळ्यात गाय अर्ध्यावर येते, त्यावर एवढा हाताशी असलेला दुसरा उपाय नाही. 2018-19 च्या दुष्काळात चारा छावण्यांमध्ये ऊस तोडून जनावरे जगवावी लागली. जगली, पण दूध आणि पुढचे वेत गेले. मुरघास साठवलेल्या गावाला तो धक्का कमी बसतो.

अझोलासारख्या गोष्टींबद्दल स्पष्ट बोलायला हवे. सुकवलेल्या अझोलात 20 ते 25 टक्के प्रथिने असतात, हे खरे. पण ओल्या अझोलात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते. दीड-दोन किलो ओल्या अझोलातून गाईला मिळतात पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिने. वासराला, कोंबडीला तो उपयोगी. पंधरा लिटरच्या गाईची पेंड त्याने वाचते, असे सांगणे म्हणजे तिला उपाशी ठेवायला सांगणे आहे.

ताणकाट्याची माणसे

हे सगळे गावोगाव पोचवता येते, याचा दाखला देशात झालेला आहे. राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात, 2012 ते 2019 या काळात, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आहार संतुलनाचा कार्यक्रम राबवला. कल्पना साधी होती. गावातल्याच एखाद्या शिकलेल्या तरुणाला किंवा बाईला प्रशिक्षण द्यायचे. तो किंवा ती घरोघर जाऊन गाईच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावरून नोंद करील, मोजपट्टीने वजन काढील, घरातला चारा जोखील आणि संगणकावर कमीत कमी खर्चाचा आहार काढून देईल. अठरा राज्यांत सुमारे 28 लाख जनावरांपर्यंत हे काम पोचले. मंडळाच्या नोंदींप्रमाणे दूध आणि फॅट थोडी वाढली, लिटरमागचा खाद्यखर्च घटला आणि जनावरामागे रोजची निव्वळ मिळकत सुमारे 25 रुपयांनी वाढली. दुधाच्या लिटरमागे निघणारा मिथेनही कमी झाला, कारण नीट पचलेल्या आहारातली ऊर्जा वाऱ्यावर जात नाही.

रोजचे पंचवीस रुपये शहरात चहाला लागतात. चार दुभत्या गाई असलेल्या घरात ते वर्षाला छत्तीस हजार होतात. मुलीची कॉलेजची फी किंवा पिकाचे बी-बियाणे त्यात येते. आणि यासाठी नवी गाय, नवा गोठा, नवे कर्ज यांपैकी काही लागले नव्हते.

योजनेचा टप्पा संपला आणि पुढे ही माणसे पोसायची की नाही, हे ज्या-त्या दूध संघाच्या इच्छेवर राहिले. काही संघांनी चालू ठेवले, बऱ्याच ठिकाणी बिल्ला कानात राहिला आणि सल्ला थांबला. अनुदान जाहीर होते ते दुधावर, यंत्रावर, शेडवर. सल्ल्याच्या पगाराची तरतूद दिसत नाही, कारण सल्ल्याचे उद्घाटन करता येत नाही.

दूध संस्थांना आणि सरकारला यापेक्षा अवघड कामे जमली आहेत. ज्यांनी गावोगाव शीतकरण यंत्रे बसवली, त्यांना दर दोन-तीन गावांमागे आहार जुळवणारे एक माणूस नेमणे कठीण नाही. हे माणूस शक्यतो बाई असावी, कारण गोठ्यातले खाणे-पाणे बहुतेक घरांत बाईच बघते आणि प्रशिक्षणाच्या खुर्चीवर मात्र पुरुष बसलेला असतो. तिचा पगार पशुखाद्याच्या विक्रीवर अवलंबून नसावा. जी पोते विकते, ती पोते कमी घाला असे सांगू शकणार नाही. लिटरमागे काही पैसे संस्थेने बाजूला काढले, त्यात सरकारने भर घातली, तालुक्याला चारा आणि पेंड तपासून देणारी एक प्रयोगशाळा उभी राहिली, तर हा खर्च शेतकऱ्याच्या पावतीवरच परत दिसेल. दराची लढाई चालूच राहील आणि राहिलीच पाहिजे. पण ती जिंकेपर्यंत गाईला अर्धपोटी ठेवण्याचे कारण नाही.

काकूंच्या वहीतला हिशोब तरुणाने मोठ्या अक्षरात लिहून गोठ्याच्या खांबाला चिकटवला, प्रत्येक गाईचा वेगळा. त्या वाचत होत्या आणि आपल्या पाटीवर कोळशाने खूण करत होत्या, पेंडीची कुठपर्यंत, भुशाची कुठपर्यंत. मग त्यांनी विचारले, "पुढल्या महिन्यात हिचं दूध कमी झालं, की हे बदलावं लागंल ना? तवा तू येशील का?"

तो येऊ शकेल, अशी व्यवस्था करणे हे आपले काम आहे.